सहावा एसी कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एसीचं तापमान २० ते २८ अंशांच्या मध्येच ठेवता येईल असा नियम आणणार, असं केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी जून २०२५ मध्ये जाहीर केलं. तेव्हापासून माझ्या गिऱ्हाइकांचा एकच धोशा आहे : "मिस्त्री, नियम यायच्या आत आमचा एसी १६ वर कायमचा लॉक करून देता का?" आपल्या पेपरातही या विषयावर लोकांची पत्रं येतात. कुणी म्हणतं सरकार आता आमच्या बेडरूममध्ये घुसलं, कुणी म्हणतं देशासाठी एवढं सोसायलाच पाहिजे. ज्याच्या हातात रोज पाना आणि टाँग टेस्टर (तारेतून किती वीज जाते ते मोजायचा चिमटा) असतो, त्याचंही एक पत्र छापावं म्हणून हा खटाटोप.

लातूरच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून मी १९९७ साली परभणीत आलो. तेव्हा गावात एसी बोटावर मोजण्याइतके. एखादी बँक, एखादा डॉक्टर, तेही खिडकीत बसवलेले आणि ट्रॅक्टरसारखे धडधडणारे. आज बाजारपेठेत ज्या दुकानात एसी नाही त्या दुकानात गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं. माझं पोट त्यावरच आहे, तेव्हा एसी वाईट असं मी म्हणणार नाही.

आधी त्या आकड्याचं सांगतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचा एसी चालू केला की २४ वरच उघडेल अशी सोय सरकारनं करून ठेवली आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो की एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. चांगलंच आहे. पण मी रोज बघतो ते असं : शटर वर गेलं की दुकानातलं पोरगं आधी रिमोट उचलतं आणि २४ वरून टक टक टक आठ वेळा खाली दाबतं. त्याला वाटतं १६ केलं की लवकर गार होतं. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत तसं काही नसतं. कंप्रेसर २४ ला जेवढा पळतो तेवढाच १६ लाही पळतो. फरक एवढाच, की २४ ला पोचला की तो थांबतो. १६ ला आमच्या मे महिन्यात तो पोचतच नाही, म्हणून रात्री शटर पडेपर्यंत थांबतही नाही.

पण वीज जास्त कुठं जाते हे रिमोटवर दिसत नाही. ते मला एका कापड दुकानात कळलं. खरं म्हणजे कळत होतं आधीपासून, तिथं पहिल्यांदा नीट मोजलं.

मागच्या एप्रिलात त्या शेठचा फोन आला. नाव लिहीत नाही. गिऱ्हाईक आहे, आणि चूक एकट्या त्यांची नव्हती. दुकानाचा वरचा मजला गार होईना. पाच एसी, प्रत्येकी दोन टनाचे. लगीनसराईत बस्ता बांधायला लोक येतात ते वरच्याच मजल्यावर गादीवर बसतात. शेठ म्हणाले, "मिस्त्री, सहावा टाका. उद्याच टाका. परवा गंगाखेडकडचं वऱ्हाड बसलं होतं. नवरीची आजी घाम पुसून पुसून वैतागली, उठूनच गेली. तिच्या मागं सगळे गेले. बस्ता शेजारच्या दुकानात झाला."

सहावा टाकला असता तर मला फिटिंगचे पैसे मिळाले असते. पण मी विचारलं, "कधीपासून गार होईना झालंय?"

"दोन उन्हाळे झाले."

"त्याच्या आधी?"

"आधी काय, ह्याच पाच एसीत बायका पदर लपेटून बसायच्या."

मशीन तीच, मजला तोच, मग बदललं काय? जिना चढून गच्चीवर गेलो. दुपारचे अडीच वाजले होते. दार उघडून पाऊल टाकलं आणि चप्पल चिकटली. आख्ख्या गच्चीवर काळी डांबरी शीट. दोन पावसाळ्यांपूर्वी स्लॅब गळून साड्यांच्या गठ्ठ्यांवर पाणी आलं होतं, म्हणून शेठनी वॉटरप्रूफिंग करून घेतलेलं. गळती थांबली आणि डोक्यावर तवा तयार झाला. खाली येऊन फॉल्स सीलिंगचा एक चौकोन सरकवून हात आत घातला, तर चुलीपुढं बसल्यासारखी धग. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता सावकाश खाली सोडतो. ऊन कलल्यावरही रात्री आठ-साडेआठपर्यंत सोडतच राहतो. म्हणजे ऐन गर्दीच्या वेळी पाच एसी गिऱ्हाइकांशी नाही, स्लॅबशी झुंजत होते.

साधा स्लॅब असता तर चुना लावा म्हणालो असतो. आमच्याकडं चुन्यात फेव्हिकॉल घालून गच्चीवर दोन हात मारतात. स्वस्त पडतं, एक-दोन उन्हाळे टिकतं. पण डांबरी शीटवर चुना धरत नाही, पापुद्रे सुटतात. म्हणून गच्चीसाठी मिळतो तो ऊन परतवणारा पांढरा रंग आणायला लावला. दोन हात मारून झाल्यावर तिसऱ्या दिवशी, त्याच अडीच वाजता, त्याच गच्चीवर मी अनवाणी उभा राहिलो. सुखानं नाही, पण उभा राहिलो. एक सूचना मात्र केली, की महिन्यातून एकदा गच्ची झाडायची. आपल्याकडची धूळ अशी, की पांढऱ्याचं दिवाळीपर्यंत खाकी होतं.

मग आउटडोअर बघायला गेलो. पाचही आउटडोअर दर्शनी भिंतीला, आणि त्यांच्यापुढं दुकानाच्या नावाचा भला मोठा एसीपी शीटचा (ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा) बोर्ड. पंखे गरम हवा बोर्डावर मारतात, ती आपटून परत मागं येते आणि तीच हवा मशीन पुन्हा ओढते. बोर्डामागं थर्मामीटर लटकवला, ५१ अंश. समोर रस्त्यापलीकडं झाडाखाली ४२.

इथं थोडं समजावून सांगावं लागेल. एसी गारवा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. विहिरीवरची मोटार जशी पाणी जितकं उंच चढवायचं तितका ताण घेते, तसंच इथं. बाहेरच्या ४२ अंशांच्या हवेत उष्णता टाकणं आणि बोर्डामागच्या ५१ अंशांच्या हवेत टाकणं यात फार फरक आहे, दुसऱ्यात कंप्रेसरचा जीव निघतो. टाँग टेस्टर लावला तर एकेक मशीन ११ अँपियरच्या वर खेचत होती. बोर्ड काढा म्हणालो तर शेठ हबकले. बोर्डाला एसीपेक्षा जास्त खर्च झालेला. शेवटी पाचही मशिनी गच्चीवर स्टँड करून उत्तरेच्या कठड्याजवळ नेल्या, एकमेकीत दोन-अडीच फूट अंतर ठेवून. कॉइल प्रेशरनं धुतल्या. त्यातून जी माती निघाली तिच्यात कोथिंबीर उगवली असती. कॉपर पाइप वाढवायला लागला, त्याचा खर्च आला. पण अँपियर साडेनवाच्या खाली उतरले.

तिसरी गोष्ट मला आधी दिसलीच नाही, माझ्या हेल्परला दिसली. शिडीवर चढलेलं पोरगं म्हणालं, "उस्ताद, टाळू भाजायली." वर हॅलोजन. मोजले तर ६४, प्रत्येकी ५० वॅटचे. म्हणजे ३,२०० वॅट. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. एका दोन टनी एसीची जवळजवळ निम्मी ताकद नुसत्या दिव्यांची उष्णता उपसण्यात जात होती, आणि दिव्यांचं बिल वेगळंच. शेठ ऐकेनात. म्हणाले, हॅलोजनखाली जरीचा रंग उठतो, एलईडीत शालू मेल्यासारखा दिसतो. बरोबर होतं त्यांचं. स्वस्त पांढऱ्या एलईडीखाली तसंच दिसतं. मग पिवळसर उजेडाचे, रंग खरे दाखवणारे ७ वॅटचे एलईडी आणले. एका ओळीत ते आणि एका ओळीत हॅलोजन लावून शेठच्या घरच्या बाईंना बोलावलं, आणि कोणत्या दिव्याखाली काय आहे ते न सांगता त्यांच्यापुढं दोन शालू टाकले. त्यांनी एलईडीखालचा उचलला. ६४ दिवे आता साडेचारशे वॅटमध्ये होतात.

आणि पंखे. फॉल्स सीलिंग करताना छताचे पंखे काढून टाकलेले, 'लुक' बिघडतो म्हणून. दुकान, बँक, दवाखाना, कुठंही जा, एसी आला की पंखा जातो. पंख्यानं हवा गार होत नाही हे खरं, पण अंगावरून हवा फिरली की तेच २६ अंश अंगाला दोन-तीन अंश कमी वाटतात. चांगल्या बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीच्या) पंख्याला ३० वॅटच्या आसपास लागतात आणि तेवढ्यानं एसी २३ वरून २६ वर नेता येतो. कापड दुकानात अडचण वेगळी, उघडलेल्या साडीची घडी उडते. म्हणून पंखे गादीवर न लावता कडेच्या भिंतींना लावले, मंद फिरवले, आणि एक गल्ल्याच्या मागं. त्यावर शेठ खूश झाले, कारण गल्ल्यावर ते स्वतःच बसतात.

त्या मे महिन्यात आख्ख्या दुकानाचे युनिट सहा हजार दोनशेच्या जागी साडेचार हजारांवर आले. माझ्या बाजूनं फुगवून सांगायचं नाही : त्या महिन्यात आठवडाभर अवकाळी आभाळ होतं, त्याचाही यात हात असणार. पण वरचा मजला २६ वर बसण्यासारखा झाला. वऱ्हाडं तीन-तीन तास बसू लागली.

तीन तासांवरून आठवलं. बाहेर ४३ अंशांतून आलेल्या माणसाला पहिली दहा मिनिटं १८ अंश फार गोड लागतात. दुकानदार त्याच दहा मिनिटांवर हुरळून जातो. अर्ध्या तासानं तेच माणूस कानाला रुमाल बांधतं, आजीबाई पाय पोटाशी घेतात, लेकरं शिंकतात, आणि दुकानातल्या पोरी दिवसभर स्वेटर घालून साड्या उलगडतात. एप्रिलात, परभणीत, स्वेटर! त्यांना कुणी विचारत नाही. एका बँकेच्या शाखेत (तीही बिननावाची राहू द्या) एसीच्या जाळीखाली बसणाऱ्या मॅडम शाल पांघरून असतात, आणि पश्चिमेच्या काचेजवळचे साहेब घामाघूम. दोघांमध्ये एक रिमोट. दिवसातून दहा वेळा तो इकडून तिकडं जातो. मी तिथं गॅस बघायला गेलो होतो. गॅस चांगला होता. मॅडमवर येणारी झोताची पाती वर वळवली, आणि काचेच्या बाहेरून बांबूची चटई सोडा म्हणालो. आतून पडदे होते, पण ऊन काचेतून आत आलं की उष्णता आत आलीच, पडद्याला अडवायला उरतं काय? चटईवर साहेब म्हणाले, वरून मंजुरी लागेल. अजून लागलेली नाही.

मराठवाड्याचं एक चांगलं आहे, आपला उन्हाळा कोरडा. मुंबईचा माणूस २६ ला चिकचिकतो तसं आपलं मे महिन्यात होत नाही. माझ्याकडं याचा पुरावा म्हणजे ड्रेन पाइपखालची बादली. मे महिन्यात तिच्यात दिवसभरात जेमतेम तळ झाकेल एवढं पाणी जमतं, कारण हवेत ओल नाहीच. जुलै-ऑगस्टात तीच बादली दुपारीच रिकामी करावी लागते. म्हणून उन्हाळ्यात २६-२७ आणि पंखा बिनधास्त ठेवा, आणि पावसाळ्यात घाम वाळेना झाला की ड्राय मोड लावा किंवा एखादा अंश खाली या. वर्षभर एकच आकडा धरून बसायचं कारण नाही. कोरड्या हवेत मोठा डक्ट कूलरही झकास चालतो आणि एसीच्या मानानं फार थोडी वीज खातो. मात्र त्याला पाणी लागतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आम्ही विसरलेलो नाही. ज्या गल्लीत मे महिन्यात टँकर येतो तिथं कूलर लावा म्हणताना माझी जीभ अडखळते.

लातूरचं नाव निघालं म्हणून जरा घरचं सांगतो. आमचं गाव औसा तालुक्यात. घर माळवदाचं. हातभर जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकूड आणि पांढऱ्या मातीचा थर. चैत्रातल्या दुपारी आत घोंगडीवर झोप लागायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्याच भिंतींनी माणसं गाडली. त्यानंतर माळवदाखाली झोपायला कुणाचं धाडस होईना. सगळ्यांनी पत्रा नाहीतर स्लॅब घातला, आणि बरोबरच केलं. मी जुन्या घराचे गोडवे गात नाही. पण स्लॅब घातला तेव्हा ऊन अडवण्याचं जे काम माती करत होती ते आता कोण करणार, हे कुणीच विचारलं नाही. बाजारपेठेतही तसंच झालं. जुन्या दुकानांना पुढं पडवी असायची, ऊन गिऱ्हाइकाच्या पायरीपर्यंतच यायचं. आता दर्शनी भाग सगळा काचेचा, त्यातही पश्चिमेकडं तोंड असलं तर दुपारी तीननंतर आत भाजी शिजते. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २०१७ मध्ये छत, काच, सावली या सगळ्याचा विचार आहे, पण ती १०० किलोवॅट आणि त्यावरच्या जोडभाराच्या (म्हणजे जोडलेली सगळी उपकरणं मिळून होणाऱ्या भाराच्या) मोठ्या इमारती डोळ्यांपुढं ठेवून लिहिलेली. आमच्या बाजारपेठेतली बहुतेक दुकानं तिच्या जाळ्यातून सुटतात. तिथं टनेज ठरवणारा माणूस म्हणजे मी, आणि माझ्यासारखे आणखी पन्नास जण. आमचं सूत्र : शंभर चौरस फुटाला एक टन. वर गच्ची आहे का दुसरा मजला, तोंड कुठं, दिवे किती, माणसं किती, काही विचारायचं नाही.

माणसांचंही ओझं असतं. स्वस्थ बसलेलं माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतं. क्लासच्या एका हॉलमध्ये शंभर पोरं बसवली की १० किलोवॅट झाले, म्हणजे जवळपास तीन टन पोरांचेच. आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो, हे क्लासवाल्यांना सांगून सांगून थकलो. दारं-खिडक्या टेपनं बंद केलेल्या. दुसऱ्या तासाला निम्मी पोरं पेंगतात, सरांना वाटतं उकाड्यानं झोप येते, की १८ चं १६ करतात. एक एक्झॉस्ट लावून दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटं दारं उघडली तर २५ लाही पोरं जागी राहतात. एका क्लासनं केलं. बाकीच्यांनी जाहिरातीत 'संपूर्ण वातानुकूलित' छापलंय, दार उघडं दिसलं तर पालक काय म्हणतील?

आता आमच्या धंद्यातलं एक बोलतो, मग भाईबंद माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल. दर उन्हाळ्यात 'गॅस भरून घ्या' म्हणून जे सांगतात, ते पेट्रोलसारखं संपणारं काही नसतं. गॅस बंद नळीत फिरतो. कमी झाला तर कुठंतरी लीकेज आहे, ते शोधून बंद न करता गॅस भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं. पहिली पाच-सहा वर्षं मीही तेच केलं. लीकेज शोधायला दोन तास लागतात आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. गॅसचे लगेच देतात. गिऱ्हाइकांनी एवढंच करावं : 'लीकेज कुठं सापडलं ते दाखवा' म्हणावं. फिल्टरची जाळी तर दर पंधरा दिवसांनी दुकानातल्या पोरानंच नळाखाली धुवावी, त्याला मिस्त्री लागत नाही. आणि दुकान बंद करायच्या अर्धा तास आधी कंप्रेसर बंद करून पंखे चालू ठेवावेत. तेवढ्यानं कुणाला घाम फुटलेला मी पाहिला नाही.

आपल्या पेपरला विनंती एवढीच, की रोज पहिल्या पानावर तापमानाचा आकडा छापता, त्याच्याशेजारी मार्च महिन्यात एकदा गच्चीच्या चुन्याची बातमीही छापा. मे महिन्यात छापून उपयोग नाही. तोवर रंगारी लग्नाच्या घरांत अडकलेले असतात आणि मी शिडीवर.

सहाव्या एसीचं सांगायचं राहिलं. शेठनी तो घेतलाच. घरी बसवला, बेडरूममध्ये, मीच बसवून दिला. कितीवर ठेवता ते विचारलं नाही.

आपला एक वाचक,
एसी मिस्त्री, परभणी
(कृपया नाव छापू नये. गिऱ्हाइकं ओळखतील ती ओळखतीलच.)